सातवं पुट

२६ मे, रात्री साडेदहा

आज पहाटे एकशे एकोणिसावं स्तोत्र संपलं. १ मेला सुरुवात केली होती. रोज आठ वचनं, बावीस दिवसांत १७६ वचनं, असा साधा हिशेब होता. लागले सव्वीस दिवस. मधले चार दिवस मडगावच्या लग्नात गेले. बायबल पिशवीतून नेलं होतं, पण पिशवीतच राहिलं.

त्या चार दिवसांविषयी आधी लिहिते, कारण यंदा माझ्यासाठी खरं घडलं ते तिथेच. आजवर मी दर राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख घेऊन घरी यायचे, नेमाने वाचायचं ठरवायचे आणि तिसऱ्या रविवारपर्यंत कुठेतरी खंड पडायचा. एकदा खंड पडला की मन म्हणायचं, आता यंदाचं गेलंच, पुढच्या उपवासकाळात बघू. एका चुकलेल्या दिवसासाठी मी अख्खं वर्ष देवापासून लांब राहायचे. चर्चला जायचे, संध्याकाळचा तेर्सही (जपमाळेची प्रार्थना) व्हायचा, पण पहाटेची ती माझी एकटीची वेळ बंद व्हायची. या खेपेला मडगावहून रात्री उशिरा आलो, सकाळी अंग जड होतं, तरी पाच वाजता उठले आणि जिथे खूण घातली होती तिथूनच पुढे वाचलं. चार दिवसांची बत्तीस वचनं एका बैठकीत उरकली नाहीत. आठच वाचली. एवढं करायला मला वयाची पन्नाशी लागली.

हे स्तोत्र मला आधी कंटाळवाणं वाटायचं. तेच तेच शब्द फिरून येतात: नियमशास्त्र, विधी, आज्ञा, वचन. माझ्या जुन्या बायबलात दर आठ वचनांवर इब्री अक्षराचं नाव छापलेलं आहे, आलेफ, बेथ, गिमेल. बावीस अक्षरं, प्रत्येकाची आठ वचनं, आणि मुळात त्या आठांतलं प्रत्येक वचन त्याच अक्षराने सुरू होतं. यंदा सावकाश वाचताना जाणवलं, की उमाळा आला आणि लिहून काढलं असं हे काम नव्हे. ज्याने हे रचलं तो रोज बसला असणार. ज्या दिवशी काही सुचलं नसेल त्याही दिवशी पुढचं अक्षर त्याची वाट बघत असणार.

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. सगळ्या प्रार्थना तोंडपाठ. मी नवी सून असताना एकदा म्हटलं होतं, आज मन लागत नाही, तेर्स नको. त्या चुलीपुढून न उठताच म्हणाल्या, "मन लागूक व्हया म्हणान कोण सांगता गो तुका? ये नि बस." तेव्हा राग आला होता. आता पहाटे जांभया देत बसते तेव्हा तेच कानात येतं, आणि मी बसून राहते.

आमच्याकडे मे महिना म्हणजे आगोटीची घाई. लाकडं रचून ठेवायची, सुकट भरायची, फणसाचे पापड, आणि सगळ्यात जास्त काम सोलांचं, म्हणजे आमसुलांचं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, गर आणि बिया वेगळ्या करून त्यात शिरोड्याचं जाडं मीठ घालायचं, की रस सुटतो. साली दिवसभर उन्हात, संध्याकाळी त्या रसात बुडवायच्या, सकाळी परत उन्हात. हे एक पुट. आमच्या घरात सात पुटं देतात. पहिल्या पुटाला साल तांबडी आणि लिबलिबीत असते, दुसऱ्यालाही तशीच. चौथ्यापर्यंत रस उगाच वाया घालवतोय असंच वाटतं. मग पाचव्या-सहाव्याला साल अंगाला आक्रसते, रंग गडद होत जातो, आणि सातव्यानंतर काळीभोर, बोटाला चिकटणारी, वर्षभर टिकणारी सोलं तयार होतात. बोटांची लाली मात्र आठवडाभर जात नाही. मी हे लिहितेय त्या वहीलाही डाग पडलेत.

या दिवसांत एक गोष्ट सारखी मनात येते. सगळी बेगमी करता येते, फक्त प्रार्थनेची करता येत नाही. बायबलातल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायात इस्राएली लोकांसाठी रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडतो तो रोज सकाळी. माणशी एक ओमर (त्यांचं एक माप) गोळा करायचा. कोणी उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडून घाण सुटायची. शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, आदल्या दिवशी ठेवलेला तेवढा टिकायचा. चाळीस वर्षं हे चाललं. आम्ही कोकणातली माणसं चार महिन्यांचं एकदम साठवणारी, म्हणून मला हे समजायला जड गेलं. मागच्या वर्षी रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिराला, गेले तेव्हा रडून रडून मोकळी झाले होते, वाटलं आता हे वर्षभर पुरेल. पंधरा दिवससुद्धा पुरलं नाही.

आता जाऊबाईंचं. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, पण वही माझी आहे आणि देवाला माहीतच आहे.

मोठी जाऊ आणि आम्ही एका गडग्याच्या दोन बाजूंना राहतो. गडग्यावरच्या फणसाच्या फांद्या तिने न विचारता तोडल्या, मी नको ते बोलले, तीही बोलली. दोन वर्षं झाली. मे महिना मरियेचा, रोज संध्याकाळी खुरसापाशी (क्रुसापाशी) लदीन, म्हणजे मरियेची गाऊन केलेली प्रार्थना, असतं. आम्ही दोघीही जातो, ती एका टोकाला उभी, मी दुसऱ्या टोकाला. लदीन झाल्यावर उकडलेले चणे वाटतात, तेव्हा मुलं मध्ये घालून आम्ही एकमेकींना टाळतो. आलेफच्या दिवशी मी ठरवलं होतं, की आठ वचनं झाली की एकदा तिचं नाव घ्यायचं. जास्त काही नाही, नुसतं नाव, देवापुढे. पहिले आठ-दहा दिवस ते नाव घशात अडकायचं. 'आमच्या अपराध्यांना क्षमा' हे शब्द मी लहानपणापासून म्हणत आले, पण त्यात कोणाचा चेहरा कधी नव्हता.

२० तारखेला दुपारी अचानक वळीव आला. अंगणात माझी सोलं, पलीकडे तिची. ती घरी नव्हती, वेंगुर्ल्याला बाजाराला गेली होती. मी आधी माझी उचलली. सगळी. सुपंही आत नेली, रसाचं पातेलं झाकलं. मग दारात उभी राहून तिच्या अंगणाकडे पाहिलं. किती वेळ उभी होते सांगता येत नाही, पण तेवढ्यात थेंब मोठे झाले. मग गडगा ओलांडला, जमतील तेवढ्या साली भरभर ओढून ओट्यावर घेतल्या, उरलेल्यांवर आमची निळी ताडपत्री टाकली. अर्धी सोलं भिजलीच. मी आधी तिकडे गेले असते तर भिजली नसती, किंवा दोघींची थोडी थोडी भिजली असती.

त्या रात्री झोप लागली नाही. इतके दिवस नाव घेत होते, म्हणून वाटत होतं माझं मन बदललंय. बदललं होतं ते एवढंच, की पाय गेले, पण उशिरा गेले. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. दोन वर्षांपूर्वी ते अजिबात गेले नसते. देवा, पुढच्या खेपेला थोडे लवकर जाऊ देत, एवढंच मागितलं.

२२ तारखेला सकाळी ताडपत्री गडग्यावर होती. धुतलेली, वाळवलेली, चौकोनी घडी घातलेली. ती काही बोलली नाही. संध्याकाळी लदीनाला ती तिच्या जागी होती, मी माझ्या.

आणि आज पहाटे शेवटचं वचन. मला वाटलं होतं इतक्या मोठ्या स्तोत्राच्या शेवटी काहीतरी जयघोष असेल. एकशे पंचाहत्तर वचनं तुझे नियम मला किती प्रिय म्हणून सांगणारा तो माणूस शेवटी म्हणतो, मी हरवलेल्या मेंढरासारखा भरकटलो आहे, आपल्या दासाला शोध. वाचून थांबले. बाहेर अजून काळोख होता, समुद्राचा आवाज येत होता. परत वाचलं. मग तिचं नाव घेतलं, ते या वेळी अडकलं नाही.

संध्याकाळी सातवं पुट दिलं. आभाळ भरून येतंय, उद्या ऊन पडलं तर दुपारपर्यंत सोलं भरता येतील. बरणी धुऊन पुसून उपडी घातली आहे. दुसरीही एक छोटी काढून ठेवली, तिच्याकडची भिजली तेवढ्यांपुरती.

उद्या पहाटे एकशे विसावं. सातच वचनं आहेत.