बेणं

दिवाळीला गावी जाताना ट्रॉलीतले बटाटे विसरले. आठवड्याने मुलुंडला परत येऊन ट्रॉली ओढली, तर जाळीच्या फटींतून बोटबोट लांबीचे पांढरेफटक कोंब बाहेर डोकावत होते. क्षणभर दचकलेच. आपल्या स्वयंपाकघरात मोड आलेल्या मुगाचं काय कौतुक! त्याला फडक्यात बांधून उबेला ठेवायचं, सकाळी गाठोडं उघडून बघायचं. बटाट्याला मोड आले की मात्र बाईचं घराकडे लक्ष नाही. मी गुपचूप ओल्या कचऱ्याचा डबा पुढे ओढला.

"अगं, टाकतेस काय? बेणं झालंय ते," मागून सासूबाई म्हणाल्या.

आमच्या घरात हा शब्द फक्त माझ्या मुलासाठी राखीव. सोसायटीच्या वॉचमनपासून शाळेच्या बाईंपर्यंत सगळ्यांना गुंडाळून आला की आजी म्हणते, "लई बेणं आहे हे!" बेणं म्हणजे मुळात लावायचा बटाटा किंवा उसाची कांडी, हे माहीत असूनही कधी डोक्यात आलं नव्हतं. सासूबाईंचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, सातगाव पठारावरचं. तिथे पावसाळ्यात बटाटा घेतात. बेणं यायचं पंजाबातून, मंचरच्या बाजारात ट्रकच्या ट्रक. पडवीत बायका विळ्या घेऊन बसायच्या आणि फोडी करायच्या. प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे राहिलेच पाहिजेत. "आणि तुमचे हे सहा बटाटे," असं म्हणून त्यांनी माझ्या पिकाची किंमतही करून टाकली.

ते लांब कोंब त्यांनी बोटाने टकाटका मोडले. अंधारात उजेड शोधत वाढलेले, हात लागला तरी तुटणारे. मला वाईट वाटलं. "येतील परत," त्या म्हणाल्या आणि अंड्यांचा रिकामा ट्रे मागितला.

गेली वीस वर्षं मी बटाटे सोलते आहे. डोळे सुरीच्या टोकाने उकरून काढते. पण बटाट्याला खालची-वरची बाजू असते, हे त्या दिवशी कळलं. एका टोकाला बेंबीसारखा खळगा असतो, तिथे तो झाडाला धरून होता. दुसऱ्या टोकाला डोळ्यांची गर्दी. ती बाजू वर ठेवायची. नीट पाहिलं तर डोळेही कसेही नसतात, गोल जिन्यासारखे वळत वर चढतात. रताळं हे मूळ आणि बटाटा हे खोड, असं शाळेत घोकलं होतं. डोळे म्हणजे त्या खोडावरच्या कळ्या. मार्क मिळाले होते, दिसलं आत्ता.

ट्रे खिडकीच्या ग्रिलमध्ये, वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला ठेवला. उजेड हवा, ऊन नको. माती नाही, पाणी नाही. दहाएक दिवसांत नवे कोंब आले आणि हे निराळेच होते: बुटके, गुटगुटीत, बुडाशी जांभळे, शेंड्याला हिरवट. भिंग लावून पाहिलं, तर बुडाशी टाचणीच्या टोकाएवढे फोड, उद्याची मुळं. अंगावर बारीक लव. बटाटेही उजेडाने हिरवे पडायला लागले. तसे बटाटे पोटात जाऊ नयेत, त्यात सोलानिन नावाचं विष वाढतं. म्हणून 'भाजीचे नाहीत' अशी चिठ्ठी ट्रेला डकवली. पोळ्यावाल्या मावशी सकाळी सातला येतात, त्या वेळी मी कुणालाच काही समजावू शकत नाही.

हौसेने वाण्याकडून आणखी चार बटाटे आणून शेजारी मांडले. ते ढिम्म. या दिवसांत बाजारात असतात ते बहुतेक शीतगृहातले, आणि काही शीतगृहांत मोड येऊ नयेत म्हणून औषधाची धुरी देतात. "गुंगी दिलीय त्यांना," सासूबाईंनी निदान केलं. त्यांची भाजी झाली.

आणखी एक गंमत. शेंड्याचा कोंब आधी फुटतो आणि बाकीच्यांना डोकं वर काढू देत नाही. बटाटा कापला की धाकट्यांना मोकळीक मिळते. यावर सासूबाई काहीतरी बोलणार होत्या, पण मोठे दीर तेव्हा आमच्याकडेच उतरले होते.

नोव्हेंबरच्या अखेरीस फोडी केल्या, दोन दिवस सावलीत सुकवल्या, राख लावून तांदळाच्या जुन्या पोत्यांत लावल्या. जमिनीखाली बटाटा धरायला रात्री गार लागतात, आणि मुंबईच्या वाट्याला तशा रात्री डिसेंबर-जानेवारीतच, त्याही मोजक्या. झाड वाढेल तशी बुंध्याला माती चढवत गेलो.

फेब्रुवारीत पाला पिवळा पडला, तेव्हा वर्तमानपत्र पसरून पोती उलटी केली. अकरा बटाटे. सर्वांत मोठा लिंबाएवढा, धाकटे सुपारीएवढे. सासूबाईंनी एकावर अंगठा फिरवला, तर साल कागदासारखी सुटून आली. दहांची भाजी झाली, माणशी दोन घासांची. अकरावा त्यांनी ट्रेमध्ये ठेवला.

मुलगा रोज शाळेत जाण्याआधी ग्रिलपाशी जातो. कोंब नाही, काही नाही. नवा बटाटा दोन-तीन महिने झोपतो, असं त्याला सांगून झालं.

"आजी, अजून उठला नाही!"

"बेणं आहे ते, तुझ्यासारखं. हाका मारून उठायचं नाही."