कॅलिफोर्नियात एलसीएसडब्ल्यू होताना : ३,००० तास आणि प्रत्येक तासाची सही

गेल्या महिन्यात दोन मुलींचे मेसेज आले, दोघी एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कचं मास्टर्स, करून लग्नानंतर इकडे आलेल्या आणि दोघींचा प्रश्न एकच, ताई इथे सोशल वर्करचं लायसन्स कसं मिळतं, परत मास्टर्स करावं लागेल का. दोघींशी तासतासभर बोलले आणि मग वाटलं हे एकदा लिहूनच काढावं, कारण मी शोधत होते तेव्हा आपल्यातलं कुणी या वाटेने गेलेलं मला सापडतच नव्हतं. आधीच सांगते, हे सगळं फक्त कॅलिफोर्नियाचं आहे. प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, न्यू जर्सीतल्या माझ्या मैत्रिणीला आधी एलएसडब्ल्यू (लायसन्स्ड सोशल वर्कर) आणि मग एलसीएसडब्ल्यू (लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर) अशा पायऱ्या होत्या, आमच्याकडे मधली पायरीच नाही, एकच लायसन्स, एलसीएसडब्ल्यू, आणि ते देणारं बोर्ड म्हणजे सॅक्रामेंटोचं बोर्ड ऑफ बिहेव्हियरल सायन्सेस, सगळे त्याला बीबीएसच म्हणतात.

मी महाराष्ट्रात एका सरकारी हॉस्पिटलमध्ये समाजसेवा अधीक्षक होते. चार वर्षं. रेशनकार्ड पिवळं की केशरी ते बघायचं, उत्पन्नाचा दाखला नसेल तर नातेवाइकाला तहसील कचेरीत कुणाला भेटायचं ते सांगायचं, ट्रस्टकडे ऑपरेशनच्या पैशांसाठी अर्ज करायचे, बेवारस पेशंटच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. लायसन्स नावाचा प्रकारच नव्हता, डिग्री आणि नेमणुकीचं पत्र, बस. त्यामुळे इथे आल्यावर "तुझा लायसन्स नंबर काय" असं पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा मला प्रश्नच कळला नव्हता.

तर पहिलं उत्तर, नाही, परत मास्टर्स करावंच लागेल असं नाही. सीएसडब्ल्यूई म्हणजे अमेरिकेत सोशल वर्कच्या कोर्सेसना मान्यता देणारी कौन्सिल, त्यांच्याकडे परदेशी डिग्री तपासून ती इथल्या एमएसडब्ल्यूच्या बरोबरीची आहे का ते सांगायची सोय आहे, आणि त्यांचं पत्र बीबीएसला चालतं. पण त्यासाठी मार्कशीटची झेरॉक्स पुरत नाही. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट लागतं, अभ्यासक्रम लागतो, आणि फिल्डवर्क किती तास, कुठे, कुणाच्या देखरेखीखाली ते लागतं. आपलं फिल्डवर्क आठवड्याला दोन दिवस, दोन्ही वर्षं, शिवाय शेवटचं ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एका संस्थेत सलग काही आठवडे काम, म्हणजे तास भरपूर भरतात, फक्त ते कुणी कुठे एकत्र लिहून ठेवलेले नसतात. माझे बाबा त्या कागदांसाठी विद्यापीठात पाच खेटे घालून आले, एकदा साहेब रजेवर, एकदा शिक्का चुकीचा, एकदा पाकीट सील न करताच हातात दिलेलं. ते दर वेळी फोनवर म्हणायचे, जाऊ दे गं, परत जाईन गुरुवारी. माझ्या लायसन्सचा पहिला कागद बाबांनी आणलाय हे मी कधी विसरणार नाही. ज्या अजून भारतात आहेत त्यांनी येतानाच हे सगळं गोळा करून आणा, कळकळीने सांगतेय.

पत्र आलं की बीबीएसकडे असोसिएट म्हणून रजिस्ट्रेशन, त्याला एएसडब्ल्यू (असोसिएट क्लिनिकल सोशल वर्कर) म्हणतात. बोटांचे ठसे द्यायचे, त्याचं नाव लाइव्ह स्कॅन, आणि १२ तासांचा कॅलिफोर्निया लॉ अँड एथिक्सचा कोर्स. शिवाय लायसन्सपर्यंत पोचेपर्यंत व्यसनं, घरगुती हिंसा, बालशोषण, वृद्धत्व, आत्महत्येचा धोका असे बरेच छोटे कोर्स पुरे करावे लागतात, इथे शिकलेल्यांचे काही डिग्रीतच होऊन जातात, आपल्याला वेगळे करायला लागतात.

आणि मग तास. ३,००० तास, कमीत कमी १०४ आठवड्यांत, आठवड्याला ४० च्या वर मोजत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं ना, दोन वर्षं फुल टाइम. मला जवळपास चार लागली, आणि का लागली ते नीट सांगते कारण मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय.

त्या ३,००० मधले किमान २,००० क्लिनिकल, म्हणजे निदान आणि उपचाराच्या कामाचे, हवेत आणि त्यातले ७५० समोरासमोर बसून केलेल्या थेरपीचे. माझी पहिली नोकरी होती केस मॅनेजमेंटची, घर मिळवून दे, मेडी-कॅलचे (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) फॉर्म भर, अपॉइंटमेंटला घेऊन जा, थोडक्यात तिकडे करायचे तेच काम, आणि मी ते मनापासून केलं. दीड वर्षाने आकडे मांडले तर एकूण तास छान दिसत होते आणि ७५० च्या खात्यात जेमतेम शंभर. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. नोकरी घेतानाच विचारा, इथे मला आठवड्याला थेरपीचे किती तास मिळतील, उत्तर गोलगोल आलं तर समजून जा. आणि १०९९ वर, म्हणजे नोकरीत न घेता कंत्राटावर, काम देत असतील तर ते तास धरतच नाहीत, पगारी कर्मचारी किंवा रीतसर व्हॉलंटियर असायला लागतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीची आठ महिन्यांची मेहनत अशी गेली.

दुसरं, सुपरव्हिजन, म्हणजे लायसन्स असलेल्या माणसाची आपल्या कामावर देखरेख. दर आठवड्याला एक तास सुपरव्हायजरबरोबर एकटं, किंवा ग्रुपमध्ये दोन तास, आणि एखाद्या आठवड्यात थेरपीचे तास दहाच्या वर गेले तर आणखी एकदा तेवढंच सुपरव्हिजन. तो तास झाला नाही तर त्या आठवड्याचं काम मोजलं जात नाही. तुम्ही ३५ तास राबला असाल, रात्री अकराला क्राइसिस कॉल घेतला असेल, तरी शून्य. माझी एका ठिकाणची सुपरव्हायजर अचानक नोकरी सोडून गेली, त्या एजन्सीने नवीन माणूस नेमायला सहा आठवडे लावले आणि मी मात्र रोज कामावर जात होते कारण क्लायंट तर येणारच ना. ते सहा आठवडे गेले. त्याच्याआधीच्या तीन महिन्यांच्या फॉर्मवर तिची सही राहिली होती, ती मिळवायला मी तिला ईमेल करकरून शेवटी तिच्या नव्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये भेटले, तिने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. बिचारीने केली म्हणून, नाहीतर अजून तीन महिने गेले असते. तेव्हापासून वीकली लॉग, म्हणजे आठवड्याच्या तासांची नोंद, दर शुक्रवारी भरून, तिथल्या तिथे सही घेऊन, घरी येऊन स्कॅन. शुक्रवार चुकवला नाही. हॉस्पिटलातली माझी चार वर्षं मोजली न जाण्याचं कारणही हेच, लायसन्स असलेल्या कुणाचीच त्यावर सही नव्हती. त्याचं मला खूप वाईट वाटलं होतं, अजूनही थोडं वाटतं.

आता तर सुपरव्हिजन सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी अ‍ॅग्रीमेंट झालं पाहिजे असा नियम आहे, ते स्वतःहून मागा. आणि लायसन्सचा अर्ज कराल त्या दिवसापासून मागे ६ वर्षांपर्यंतचेच तास धरतात, म्हणजे बाळंतपण, ग्रीनकार्डचा घोळ, नवऱ्याची बदली यात मध्ये गॅप पडला तर जुने तास मागून गळायला लागतात. हे लक्षात असू द्या.

पण तो सुपरव्हिजनचा तास म्हणजे नुसती सही नव्हे हेही सांगायला हवं. माझी शेवटची सुपरव्हायजर साठीची होती, फार कमी बोलायची. एकदा मी तिला एका सेशनबद्दल भराभरा सांगत होते, मी असं सुचवलं, मी तसं सुचवलं, तिने मध्येच विचारलं, ती बाई रडायला लागल्यापासून तू पहिला सल्ला दिलास यात किती वेळ गेला? मी आठवून बघितलं. एक मिनिटसुद्धा नसेल. ती काही बोलली नाही, मीही नाही, भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. आपल्याकडे कुणी रडत आलं की आपण लगेच म्हणतो अगं असं कर, तसं कर, त्यातच माया असते, हॉस्पिटलमध्ये तर उपाय सांगणं हेच माझं काम होतं. समोरच्याचं रडणं पुरं होऊ देणं हे मला पस्तिशीत शिकायला लागलं.

आणि गंमत म्हणजे परीक्षेतही तेच विचारतात. परीक्षा दोन. पहिली कॅलिफोर्निया लॉ अँड एथिक्स, ७५ प्रश्न, ९० मिनिटं, असोसिएट असताना पहिल्या वर्षातच द्यायची, पास नाही झालात तरी दिलेली असली पाहिजे नाहीतर रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही. त्यात टॅरासॉफ नावाची केस पाठ असावी लागते. १९६९ मध्ये बर्कलीत तातियाना टॅरासॉफ नावाच्या मुलीचा खून झाला, मारणारा विद्यार्थी भारतातून आलेला होता, प्रोसेनजित पोद्दार, आणि तिला मारणार असं त्याने आपल्या थेरपिस्टला आधी सांगितलं होतं. थेरपिस्टने कॅम्पस पोलिसांना कळवलंही, त्यांनी त्याला पकडून सोडून दिलं, पण त्या मुलीला किंवा तिच्या आईवडिलांना कुणी सांगितलं नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचं संरक्षण करायची जबाबदारी थेरपिस्टवर येते, गुप्ततेचं कारण तिथे पुरत नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. परक्या देशात एकटा पडलेला मुलगा, आणि ती मुलगी जिला कुणी काही सांगितलंच नाही, आणि तेव्हापासून माझ्यासाठी तो नियम नुसता पाठ करायचा राहिला नाही.

दुसरी परीक्षा एएसडब्ल्यूबीची, म्हणजे सोशल वर्क बोर्डांच्या असोसिएशनची, क्लिनिकल. मी दिली तेव्हा १७० प्रश्न, त्यातले १५० मार्कांचे, चार तास. प्रश्नाच्या शेवटी शब्द असतो फर्स्ट, नेक्स्ट किंवा बेस्ट, आणि सगळेच पर्याय बरोबर वाटतात. सोशल वर्करने सगळ्यात आधी काय करावं? मी सराव परीक्षांमध्ये सारखी तिथेच चुकायचे, कारण मी उपायाचा पर्याय निवडायचे आणि उत्तर असायचं आधी विचारा, आधी ऐका, आधी धोका आहे का ते बघा. त्या साठीच्या बाईंचा प्रश्न कामाला आला तो असा.

मी अभ्यास करत असतानाच, ऑगस्ट २०२२ मध्ये, एएसडब्ल्यूबीने पास होण्याचे आकडे जाहीर केले. २०१८ ते २०२१ मध्ये क्लिनिकलला पहिल्याच वेळी पास होणारे गोरे उमेदवार साधारण ८४ टक्के, एशियन ७२ टक्के आणि काळे ४५ टक्के. पंचेचाळीस! माझ्या ग्रुपमधली एक काळी सहकारी, जिच्याकडे क्लायंट आपली बहीण असल्यासारखे येऊन बसायचे, तीनदा नापास झाली होती. तिने तो आकडा वाचला आणि म्हणाली, मला इतकी वर्षं वाटत होतं माझंच डोकं कमी आहे. त्या परीक्षेबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. ज्या मुली दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसतायत त्यांनी तो आकडा जवळ ठेवा. माझी ती सहकारी चौथ्यांदा पास झाली.

माझं लायसन्स २०२३ मध्ये आलं. बोर्डाच्या साइटवर स्वतःचं नाव शोधलं तर नंबर दिसला, इथे रात्र होती म्हणजे तिकडे सकाळ, बाबांना फोन लावला. ते म्हणाले, आता परत विद्यापीठात जायला नको ना?

दोन वर्षं लायसन्स असलं आणि १५ तासांचं ट्रेनिंग केलं की सुपरव्हायजर होता येतं. माझं दोन्ही झालंय. सोमवारी माझी पहिली असोसिएट येतेय. अ‍ॅग्रीमेंट प्रिंट करून टेबलावर ठेवलंय आणि लॉगची पानं पण, तिला सांगणार आहे, शुक्रवारी सही घेतल्याशिवाय मला घरी जाऊ द्यायचं नाही.