लाईट चालू आहे की ओ!

समोरून येणारा अनोळखी माणूस हाताची पाची बोटं उघडमीट करून दाखवतो, हे बेळगावात आम्ही लहानपणापासून बघत आलो. दिवसाढवळ्या तुझा हेडलाईट जळतोय, बंद कर, एवढाच त्याचा अर्थ. पाटीवरच्या अक्षरांवरून भांडणाऱ्या आमच्या गावात या इशाऱ्यावरून मात्र कधी कुणी भांडलं नाही.

मग १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा हेडलाईट इंजिनाबरोबर आपोआप लागलाच पाहिजे, असा नियम आला. बंद करायचं बटणच गेलं. शहापुरातल्या जुन्या मंडळींची बोटं काही दिवस तरीही हलत राहिली, कॉलेजची पोरं हसून पुढे जात राहिली आणि हळूहळू सांगणारे कंटाळले. यात नुकसान झालं ते मागच्या लाईटचं. ब्रेकची लाईट अडकून जळत असली तरी आता कुणी हटकत नाही. सगळ्यांना वाटतं, हीसुद्धा कंपनीचीच सोय असेल.

खरं तर चालवणाऱ्याला स्वतःला न दिसणारी हीच लाईट. चारचाकीत ब्रेकच्या पॅडलवर एक छोटा स्विच असतो. पाय काढला की पॅडल वर येऊन त्या स्विचची दांडी दाबून धरतं आणि लाईट विझते. दांडी जिथं टेकते तिथं नखाएवढा रबराचा किंवा प्लास्टिकचा तुकडा बसवलेला असतो. काही वर्षांत तो कडक होतो, तुटून पडतो, दांडी भोकातून आरपार जाते आणि लाईट कायमची लागते. बऱ्याच गाड्यांत तिला किल्लीही लागत नाही. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी हिशेबानं १० तासांत रिकामी. रात्री लावलेली गाडी सकाळी सेल घेत नाही. मग शेजारी बॅटरीला नावं ठेवतात, नवी बॅटरी येते, आणि तीही उतरते.

आमचा मेस्त्री बॅटरीकडं बघतच नाही. "आधी पायाखाली बघा की ओ," म्हणतो. मॅटवर प्लास्टिकचा चुरा सापडला की काम झालं. तुकडा मिळेपर्यंत त्या भोकात तो नटबोल्ट बसवून देतो. दिसायला गावठी, पण चालतं.

स्कूटरचं दुखणं वेगळं. खानापूरकडचा पाऊस, त्यात जांबोटी-कणकुंबीचा चिखल; लिव्हरखालचा स्विच गंजतो आणि आतच अडकतो. इंडिकेटर भराभर मारायला लागला, तर बहुतेक त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. ब्रेक दाबला की मागची लाईट मंद होऊन भलताच बल्ब मिणमिणायला लागला, तर लोक घाबरतात. मेस्त्री म्हणतो, "भूत नव्हे ओ, अर्थिंग!" परतीची वाट तुटली की करंट शेजारच्या बल्बातून वाट काढतो.

चोर्ला घाटात, पावसाळ्यातल्या धुक्यात, पुढच्या गाडीचा लाल ठिपका बघूनच आपण उतरत असतो. तो सतत पेटलेला असेल तर पुढच्यानं ब्रेक कधी मारला, हे कळायचं कसं? याहून वाईट फक्त हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्या. निपाणी-चिकोडीकडं एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि कितीतरींना मागं साधा रिफ्लेक्टरही नसतो. तिथं मेस्त्रीचं काय काम? ते काम पोलिसांचं.

आपल्या गाडीपुरतं सांगायचं, तर संध्याकाळी तिची पाठ भिंतीकडं करून लावा, ब्रेक दाबून सोडा आणि आरशात बघा. पाय काढल्यावरही भिंत लालच राहिली आणि मेस्त्री घरी गेलेला असला, तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून झोपा. नाहीतर सकाळी ढकलायला गल्लीतली पोरं बोलवावी लागतील, आणि हल्ली ती सगळी पुण्याला नोकरीला असतात.