रिकॉलचे पत्र कोल्हापूरला, ट्रक निपाणीला

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून एका गृहस्थांचा फोन आला. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडूनच आम्ही आमचा दहा चाकी ट्रक विकत घेतला होता. त्यांच्या घरी ट्रक बनवणाऱ्या कंपनीचे रिकॉलचे, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे पत्र आले होते आणि त्यात लिहिले होते की, ठरावीक काळात तयार झालेल्या ट्रकांच्या स्टेअरिंगमधील ड्रॅग लिंकचा, म्हणजे स्टेअरिंगला पुढच्या चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा, बॉल जॉइंट सदोष असून अधिकृत वर्कशॉपमध्ये तो मोफत बदलून मिळेल. पत्र येऊन तोवर सहा आठवडे झाले होते. त्या सहा आठवड्यांत आमचा ट्रक संकेश्वरहून साखरेची पोती भरून, तवंदी घाट उतरून निपाणीला किती वेळा आला, हे मी त्या रात्री वहीत मोजत बसलो.

ट्रक घेतल्यावर ना हरकत प्रमाणपत्र आणून, कर भरून, कर्नाटकातल्या चिक्कोडीच्या आरटीओत नव्याने नोंदणी करून आम्ही एमएच ०९ चा केए २३ रीतसर करून घेतला होता. तरीही कंपनीच्या दप्तरी पहिल्या खरेदीदाराचाच पत्ता राहिला. आमच्या सीमाभागात कोल्हापूर-सांगलीकडचे जुने ट्रक सर्रास येतात, आणि ज्यांची नोंदणी बदलायची राहून गेली आहे त्यांच्यापर्यंत असे पत्र पोहोचण्याची शक्यता याहूनही कमी आहे.

हा दोष किती गंभीर आहे, ते मला वर्कशॉपमध्ये गाडीखाली वाकून पाहिल्यावर समजले. ड्रायव्हरने हातातले चाक फिरवले की स्टेअरिंग बॉक्सखालचा ड्रॉप आर्म हलतो, आणि त्याची हालचाल ड्रॅग लिंक पुढच्या चाकापर्यंत पोहोचवते. पॉवर स्टेअरिंगचा पंप बंद पडला तर स्टेअरिंग जड होते, पण गाडी वळते. ब्रेकलाही दोन स्वतंत्र सर्किटे असतात. ड्रॅग लिंक मात्र एकच असते. तिचा बॉल खोबणीतून निसटला की हातातले चाक नुसते फिरत राहते आणि भरलेली गाडी वाट्टेल तिकडे जाते.

मेकॅनिकने एकाला केबिनमध्ये बसवून स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगितले आणि माझा हात त्या जॉइंटवर ठेवला. वरचे रबर फाटले होते, आतल्या ग्रीसमध्ये लाल माती कालवली गेली होती, आणि प्रत्येक हेलकाव्याला बोटांखाली एक बारीक ठोका लागत होता. आमचे ड्रायव्हर मामा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "मालक, उतारावर चाक उशिरा ऐकतंय, असं मी दिवाळीच्या आधीच बोललो होतो की." ते खरेच बोलले होते. मी तेव्हा टायरची अलाइनमेंट करून दिली आणि विषय तिथेच सोडला, याचे मला आजही वाईट वाटते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, पण ते सात वर्षांच्या आतल्या वाहनांपुरते आहेत. आमच्याकडे घाटात धावणाऱ्या कितीतरी गाड्या त्याहून जुन्या असतात. म्हणून जुना ट्रक घेणाऱ्याने पत्राची वाट पाहू नये; चॅसिस नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये जावे, रिकॉल बाकी आहे का हे विचारावे आणि आपला पत्ता व मोबाईल नंबर तिथे नोंदवून यावे. पत्र इंग्रजीत असेल तर ते ड्रायव्हरला मराठीत किंवा कन्नडमध्ये नीट समजावून सांगावे, कारण स्टेअरिंग त्याच्या हातात असते.

नवी लिंक बसली, नटात कॉटर पिन घालून तिची टोके वाकवलेली मी स्वतः पाहिली. घरी आल्यावर जुने कागद काढले. याच मॉडेलचा दुसरा एक ट्रक आम्ही दोन वर्षांपूर्वी गोकाकच्या एका गृहस्थांना विकला होता. त्यांचा नंबर बदललेला निघाला, म्हणून रविवारी मी चॅसिस नंबर लिहून घेऊन गोकाकला जाऊन आलो.