आमची वाटचाल : रतांब्याची बी आणि कामाचे हात

फुटलेल्या हातांसाठी आम्ही बाम करतो, त्याची ही गोष्ट. आमच्याकडे कुडाळ तालुक्यात एप्रिल-मे म्हणजे रतांबे, कोकमाची फळं. घरची झाडं आहेतच, शिवाय वाडीतले विकत घेतो, मग सगळे फोडायचे, साली एकीकडे बिया एकीकडे, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात वाळवायच्या, परत बुडवायच्या परत वाळवायच्या, अशी पुटं देत देत आमसुलं होतात. या कामात हातांची काय अवस्था होते ते केल्याशिवाय कळत नाही. दिवसभर बोटांत आंबट रस आणि मीठ, नखांच्या कडा काळ्या पडतात, कातडी कोरडी होऊन चिरते आणि चिरलेल्या जागी दुसऱ्या दिवशी परत तेच मीठ.

लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात मला रात्री भाकरी मोडतानाही बोटं झोंबायची. सासूबाईंनी फडताळातून एक पांढरट कडक गोळा काढला, चुलीजवळ धरून नरम केला आणि म्हणाल्या, "ह्यां मुठेल गो, रातचा लाव आणि नीज." तिसऱ्या-चौथ्या रात्री झोंबायचं थांबलं. ज्या फळाने हात फुटले त्याच्याच बीचं ते तेल! वाळवलेल्या बिया फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, रात्रभर थंड होऊ दिला की वर पांढरा थर जमतो, तो काढून मुठीत दाबून गोळे करायचे. गोव्याकडे याला भिरंडेल म्हणतात. आणि आम्ही घरापुरतं केलं की उरलेल्या बिया गोणीच्या गोणी मिळेल त्या भावाने देऊन टाकत होतो, याचं मला फार वाईट वाटायचं.

2017 ला आमसुलाच्या ऑर्डरसोबत ओळखीच्या लोकांना मुठेलाचे गोळे पाठवायला लागले. लोकांनी सांगितलं की गुण आहे पण लावता येत नाही. खरंच होतं ते, कारण मुठेल वितळायला साधारण 40 डिग्री लागतात, हाताला तेवढी ऊब नसते, म्हणून घासून घासून लावावं लागतं. मग त्यात खोबरेल मिसळून बाम केला. खोबरेल 24-25 डिग्रीलाच पातळ होतं, त्यामुळे बाम छान पसरायला लागला पण मे महिन्यात नागपूर-पुण्याला गेलेली पार्सलं उघडली तर झाकणातून तेल गळून लेबलं भिजलेली. सगळ्यांना पैसे परत केले, तो महिना खूप जड गेला. शेवटी मधमाशीचं मेण घातलं, ते 62 च्या पुढे वितळतं, पण जास्त झालं तर हाताला चिकट लागतं म्हणून थोडं थोडं कमी-जास्त करत किती बॅच केल्या त्याची गणती नाही. आत्ताचं प्रमाण जमायला दोन पावसाळे गेले.

लायसन्सच्या वेळी एक गोष्ट शिकले. कॉस्मेटिक म्हणून विकायचं तर लेबलवर "रोग बरा होतो" असं काही लिहिता येत नाही, आणि ते बरोबरच आहे असं माझं मत आहे. बाम काय करतो तर कातडीवर थर धरतो, आतलं पाणी उडू देत नाही. म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगतो की हात धुतल्यावर पूर्ण कोरडे करू नका, किंचित ओले असतानाच लावा, फरक तिथेच पडतो. डबीत मात्र ओलं बोट घालू नका, आत पाणी नाही म्हणूनच तो टिकतो. लावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांत चिखल्या होतात त्यावर हा लावू नका, तिथे ओल कोंडते, तिथे कोरडंच ठेवायला हवं. आणि गवंडीकाम करणाऱ्या भावांनो, सिमेंटने नुसती कोरड येत नाही, कधी ॲलर्जीही होते, खाज सुटून पुरळ आलं तर आधी डॉक्टरांना दाखवा.

सुगंध घाला असं खूप जण म्हणतात, गुलाब, लॅव्हेंडर, दुकानवाले तर हटूनच बसतात. आम्ही घालत नाही. चिरलेल्या कातडीला सेंट झोंबतो आणि हा बाम चिरलेल्या हातांसाठीच आहे. मासळी सोलणाऱ्या, दिवसाला चार घरची भांडी घासणाऱ्या, काजू फॅक्टरीत बसणाऱ्या बायका आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. काजूच्या टरफलातलं तेल तर कातडी भाजतं, आधी हात सांभाळायलाच हवेत, बाम त्यानंतर, रात्री घरी गेल्यावर. त्यांच्यासाठी छोटी डबी काढली, त्यात आम्हाला फारसं सुटत नाही तरी ती बंद करणार नाही.

आता वाडीतल्या पाच जणी कामाला आहेत, कुटायचं काम घाण्यावर देतो, बाकी हातानेच. बिया शेजाऱ्यांकडूनही किलोवर विकत घेतो, फक्त धुऊन कडक उन्हात वाळवलेल्या लागतात, ओलसर राहिल्या तर बुरशी येते आणि तेलाला वास लागतो. यंदा वळवाचा पाऊस लवकर आला, खळ्यात पसरलेल्या अर्ध्या बिया भिजल्या, त्या घेतल्या नाहीत. त्यामुळे मोठ्या डब्या गणपतीपर्यंतच पुरतील, छोट्या मात्र आहेत.