शीतगृहातला नोड आणि एका पोर्टसाठी गेलेले नऊ दिवस

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षांच्या एका शीतगृहात तापमानाच्या मॉडबस (यंत्रांमधील संवादाची एक औद्योगिक पद्धत) सेन्सरवर लक्ष ठेवणारा छोटा संगणक बसवायचा आणि त्यावरचे अ‍ॅप्लिकेशन पुण्यात बसून क्लाउडवरून चालवायचे, हे काम माझ्याकडे आले. त्यासाठी मी क्यूबएज ही दूरच्या संगणकांवरची अ‍ॅप्लिकेशन क्लाउडवरून चालवणारी प्रणाली निवडली. तिचा क्लाउडच्या बाजूचा भाग, क्लाउडकोअर, तासाभरात उभा राहिला.

अडले ते नोड, म्हणजे शीतगृहातला तो छोटा संगणक, जोडताना. त्याच्यावर चालणाऱ्या एजकोअर या भागाच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती: १०००२ क्रमांकाच्या पोर्टवरून (नेटवर्कवरच्या क्रमांकित दारावरून) उत्तर येत नाही. नोड आणि क्लाउड यांचा रोजचा संवाद १०००० वरून चालतो, परंतु पहिल्यांदा सामील होताना नोडला आपली ओळख पटवणारे प्रमाणपत्र १०००२ वरून घ्यावे लागते, आणि ते मिळाल्याशिवाय पुढे काहीच घडत नाही. मी दोन्ही पोर्ट मागितले होते. अर्जात पोर्टसाठी एकच रकाना असल्यामुळे स्वल्पविराम देऊन दोन्ही आकडे लिहिले होते, आणि तेथील नेटवर्क विभागाने त्यातला पहिला तेवढा उघडला. फोन केल्यावर उत्तर मिळाले, “दुसऱ्या पोर्टसाठी वेगळा अर्ज लागेल, साहेब.” त्या वेगळ्या अर्जाला नऊ दिवस लागले. फायरवॉलमधली (नेटवर्कची ये-जा अडवणाऱ्या व्यवस्थेतली) एक ओळ बदलायला नऊ दिवस का लागावेत, हे मला आजही समजलेले नाही.

पोर्ट उघडल्याचे मला कोणी कळवले नाही. शीतगृहातल्या ऑपरेटरने स्वतः करून पाहिले, तेव्हा ते ध्यानात आले. तरीही नोड जोडला गेला नाही, कारण त्याच्या हातात मी पहिल्या दिवशी पाठवलेली जोडणीची कमांड होती आणि तिच्यातल्या टोकनची (जोडणीसाठीच्या परवलीच्या संकेताची) मुदत २४ तासांची असते. नवे टोकन काढून मी ते त्याला फोनवर पाठवले, आणि दोन मिनिटांत यादीत नोडसमोर ‘रेडी’ हा शब्द उमटला. त्या क्षणी मला फार हायसे वाटले.

म्हणून सांगतो, टोकन जोडणीच्या दिवशीच काढावे, आणि त्याआधी शीतगृहातूनच, पोर्टपर्यंत पोहोचता येते का हे दाखवणाऱ्या ‘एनसी’ कमांडने प्रत्येक पोर्ट तपासून घ्यावा. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: संगणकाचे घड्याळ पाहा. बॅटरीवर चालणारे घड्याळ नसलेला संगणक वीज गेल्यावर जुनीच वेळ धरून बसतो, आणि प्रमाणपत्राची मुदत त्याच वेळेवरून तपासली जात असल्याने मग वैध प्रमाणपत्रही अवैध ठरते.

नोडवरच्या कंटेनरचे (अ‍ॅप्लिकेशन ज्यात चालते त्या बंदिस्त पॅकेजचे) लॉग क्लाउडवरून पाहायचे असतील, तर १०००४ हा तिसरा पोर्टही लागतो. तिन्ही पोर्टचे तीन वेगळे अर्ज एकाच दिवशी द्यावेत. मी ते केले नाही. माझा तिसरा अर्ज अजून त्या विभागात पडून आहे, आणि तोपर्यंत लॉग पाहण्यासाठी मला ऑपरेटरलाच फोन करावा लागतो.