आईचा टेप आणि आमची नवी गाडी

आईने तीस वर्षं पुण्यात कर्वेनगरमध्ये घरी बसून ब्लाऊज शिवले. त्यामुळे आमच्या घरी कपाटापासून कुकरपर्यंत सगळ्याचं माप इंचात निघतं, आणि तिचा पिवळा टेप पर्समध्ये किल्ल्यांच्या शेजारी कायम असतो. २०२४ च्या पावसाळ्यात गाडी बदलायची म्हणून आम्ही शोरूम पालथी घातली, तेव्हाही तो बरोबर होताच. पहिल्या शोरूममध्ये तिने तो काढला तेव्हा मी जरा लाजलो. तिसऱ्या शोरूमपर्यंत एक टोक मीच धरायला लागलो होतो.

आधीची गाडी फोक्सवॅगनची लाल पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटर टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे क्लच न दाबता गिअर आपोआप बदलणार. आपल्या चाकणची. महिन्यातून एकदा वाईला जाताना खंबाटकी घाट आला की मी गप्प व्हायचो आणि बायकोला कळायचं की आता हा काही ऐकणार नाही. परतीला बोगदा असायचा, म्हणून घाटाची मजा फक्त जातानाची. ती मी दहा वर्षं मनसोक्त घेतली.

मागे बसणाऱ्यांना काय मिळत होतं, हे मात्र मी कधी विचारलं नाही. मी पाच फूट अकरा. माझी सीट माझ्या मापाला लावली की माझ्या मागे शाळेचं दप्तर बसायचं, आणि तेही तिरकं. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि पोरगा नववीतच माझ्या कानापर्यंत आला, तेव्हा विषय ऐरणीवर आला.

माझी अट एकच होती, गाडी चालवायला मजा आली पाहिजे. एसयूव्ही नको, आमच्या पार्किंगमध्ये खांबाला खेटून ती लावणं म्हणजे रोजची कसरत. म्हणजे उरल्या चार मीटरच्या आतल्या चुणचुणीत गाड्या.

हे चार मीटरचं प्रकरण समजून घ्यायला हवं. लांबी ४००० मिलीमीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर आपल्याकडे कर कमी लागतो. म्हणून ह्युंदाईची आय-ट्वेंटी ३९९५ ला थांबते, टाटाची अल्ट्रोझ ३९९० ला. तेवढ्यात इंजिन, माणसं आणि डिकी बसवायची. आईला हे लगेच पटलं. “एक मीटर कापडात लांब बाहीचा ब्लाऊज काढ म्हणतात, तसलंच,” म्हणाली. कापड तेवढंच, मग कापतो कोण यावर सगळं.

पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर, म्हणजे व्हीलबेस, पोलोचा २४६९. स्विफ्टचा २४५०, अल्ट्रोझचा २५०१, आय-ट्वेंटीचा २५८०. आकडे बघून मला वाटलं निकाल लागला. पोलोपेक्षा आय-ट्वेंटी १११ मिलीमीटरने जास्त, म्हणजे आईच्या भाषेत सव्वाचार इंचांहून थोडं जास्तच.

स्विफ्टने सुरुवात केली, कारण ती हलकी आहे आणि तिचं स्टिअरिंग मला पूर्वीपासून आवडतं. परदेशात मिळणारी १.४ टर्बोची स्विफ्ट स्पोर्ट इथे कधी आलीच नाही, हे माझं जुनं दुखणं, असो. नव्या स्विफ्टमध्ये मागच्या दाराचं हँडल पुन्हा दारावर आलंय. आधीच्या मॉडेलमध्ये ते वर खिडकीच्या कोपऱ्यात लपवलेलं असायचं आणि मावशीच्या गाडीत बसताना आई दर वेळी दार चाचपडत उभी राहायची. आत बसली, टेप काढला, ठेवून दिला. खिडकीची काच मागे निमुळती होत जाते, तिथे बोट ठेवून म्हणाली, “इथून वाई दिसणार नाही.” डिकी २६५ लिटरची. वाईहून येताना आमच्याबरोबर हळद, लोणच्याची बरणी आणि मामाने बळेच दिलेलं अर्धं पोतं तांदूळ असतं. पुढे.

इथे शोरूममधली एक गंमत सांगतो. कुठलं ते सांगत नाही. आम्ही जायच्या आधीच पुढच्या दोन्ही सीटा अगदी पुढे सरकवून ठेवलेल्या. “आजी, बघा किती ऐसपैस!” सेल्समन म्हणाला. आई बसली, पाय पसरले, हसली आणि मला म्हणाली, “तू पुढे बस आणि तुझ्या मापाला सीट लाव.” मी लावली. सेल्समनचा चेहरा उतरला. तुम्हीही गाडी बघायला गेलात तर आधी ड्रायव्हरची सीट स्वतःसाठी लावा, मग उतरून तिच्याच मागे बसा. पुढच्या सीटच्या पाठीत आणि गुडघ्यात चार बोटं गेली तर ठीक. दोन गेली तर खंबाटकीच्या दुसऱ्या वळणापर्यंत भांडण होणार.

आय-ट्वेंटी एन लाइन, म्हणजे आय-ट्वेंटीचीच स्पोर्टी आवृत्ती, मला मनापासून आवडली. एक लिटर टर्बो, १२० पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक. आवाजसुद्धा थोडा खोडकर. मागे चार बोटं आरामात गेली, पोरगा खूश. पण साध्या आय-ट्वेंटीपेक्षा हिचं सस्पेन्शन कडक ठेवलंय, आणि त्यात टायर १९५/५५ चे, १६ इंची. पहिला आकडा टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, दुसरा म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के; हिशेब केला तर टायरची भिंत १०७ मिलीमीटरच भरते. स्विफ्टच्या १८५/६५ ला ती १२० आहे. फरक अर्ध्या इंचाचा. मी आईला म्हटलं, अर्ध्या इंचाने काय होतंय. तिने माझ्याकडे अशी काही नजर टाकली की तिच्या गिऱ्हाइकांची मला कीव आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हौसेने घातलेला स्पीडब्रेकर आहे, गोल नाही, सरळ उंबरा. त्यावरून जाताना मला पुढे छान, घट्ट वाटलं. मागून “आई गं” आलं. ते माझ्या आईचं होतं, म्हणजे ती तिच्या आईला हाक मारत होती.

शिवाय आत सगळं काळं. छत काळं, सीटा काळ्या, वर लाल दोरा. स्पोर्टी म्हटलं की आतून काळं करायचं हा नियम कुणी काढला? माप तेच असतं, पण जागा आक्रसते. “मापात बसतंय, अंगात बसत नाही,” आई म्हणाली. हे ती फिटिंगला उभ्या असलेल्या बायकांना सांगायची. बगलेत टाचणी लावून पुन्हा उसवायचं, असा त्याचा अर्थ.

अल्ट्रोझ रेसर शेवटी बघितली, खरं तर शोरूम वाटेवर होतं म्हणून. जून २०२४ मध्ये आलेली, १२० पीएस, सहा गिअर हातानेच टाकायचे. तीही आतून काळी, वर नारिंगी रेघा. मागचं हँडल इथेही वर कोपऱ्यात, त्यामुळे आईने आधी नाक मुरडलं. मग दार उघडलं. ते उघडतच गेलं, पार नव्वद अंशांत.

आई गाडीत कशी बसते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. आधी दाराकडे पाठ. उजव्या हाताने निऱ्या वर धरायच्या. मग हळूच सीटवर टेकायचं. दोन्ही पाय अजून बाहेर. थोडं थांबायचं. मग गुडघे फारसे न वाकवता दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे, आणि इथेच आतापर्यंत प्रत्येक गाडीत तिची चप्पल दाराच्या कडेला अडकत होती. पोलोत तर मी चप्पल काढून हातात द्यायचो. इथे पाय फिरले आणि आत आले. मागची जमीनही सपाट आहे, मधे उंचवटा नाही, त्यामुळे ती तशीच सरकत पलीकडे गेली आणि पोराला म्हणाली, “ये.”

टेप पर्समधून बाहेर आलाच नाही. आय-ट्वेंटीचा व्हीलबेस जास्त, हे मी दोनदा बोलून बघितलं. कुणी ऐकलं नाही. डिकी ३४५ लिटर म्हटल्यावर मामाच्या तांदळाचाही प्रश्न मिटला. डीएसजी सोडून क्लच दाबायचा, आणि तोही कर्वे रोडवर संध्याकाळी सातला, याचं दुःख मी एकट्याने केलं.

गाडी दिवाळीत आली. पहिल्याच वाईच्या फेरीत शिरवळला चहाला थांबलो. ऊन होतं, म्हणून आई दोन मिनिटं पुढच्या सीटवर टेकली, आणि पोराने तिच्या सीटचं बटण दाबलं. पुढच्या सीटांना आतून हवा येते. आईचे डोळे मिटले. “पाठीला गार लागतंय रे,” म्हणाली, आणि तेव्हापासून ती तिथून हललेली नाही.

मागे आता बायको बसते. एवढ्या सगळ्या मोजामोजीत तिला कुणी एकदाही बसवून बघितलं नव्हतं. परवा तिने आईकडे टेप मागितला.